सायकलवरचा कर्णा

आवाज मोठा करणें ही एक गोष्ट, आणि मोठा केलेला आवाज गल्लोगल्लीं हिंडविणें ही दुसरी. पहिली गोष्ट मनुष्याला फार पूर्वींच साधली. दुसरी साधण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आणि ती सायकलसारख्या गरिबाच्या वाहनावर चढण्यास त्यानंतरही अर्धशतकाहून अधिक काळ गेला. आज वसई-विरारच्या वस्त्यांतून रद्दीवाला किंवा भाजीवाला सायकलच्या मुठीला वीतभर कर्णा बांधून फिरतो, त्या कर्ण्यामागें हा सगळा इतिहास उभा आहे. तो मुख्यतः वजनाचा इतिहास आहे, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

वसईला मोठ्या आवाजाची ओळख घंटेनें झाली. पोर्तुगिजांच्या अमदानींत किल्ल्यांतील व आसपासच्या चर्चवर भारी घंटा टांगलेल्या होत्या. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां त्यांतील कित्येक घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळावर त्यांपैकीं एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर दुसरी आहे. नाशिककडे तर ‘नारोशंकराची घंटा’ हा बोलण्यांतला प्रयोगच होऊन बसला. ज्या नादानें एके काळीं वसईच्या ख्रिस्ती वस्तीला प्रार्थनेची वेळ कळे, तोच नाद पुढें गोदातीरीं शंकराच्या पूजेला लागला. इतका लांबचा प्रवास घंटेनें केला, पण वाटेंत ती वाजली नाहीं. घंटेला बोलतें करावयाचें तर आधीं ती टांगली पाहिजे, आणि टांगली कीं ती त्या जागेची बंदी झाली. मोठा आवाज प्रवासास निघाला कीं मुका होई. ऐकणाऱ्यानें आवाजाच्या टप्प्यांत येऊन राहावें, असाच तेव्हांचा नियम होता.

फिरता आवाज एकच होता, तो माणसाच्या गळ्याचा. गांवोगांव दवंडी पिटण्याचें काम बलुतेदारींत बहुधा महाराच्या वाट्याला आलेलें असे. सरकारचा हुकूम, बाजाराचा दिवस, साथीच्या रोगाची सूचना, सारें त्याच्या मुखानें गांवभर फिरे. ज्याच्या तोंडून गांवाचा हुकूम फिरे त्याला त्या गांवांत स्वतःचें बोलण्याची मुभा मात्र क्वचितच होती. तीच गोष्ट थोड्या फरकानें फेरीवाल्याची. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळिणीनें डोक्यावर मासळीची पाटी घेऊन आळीआळींतून हाक द्यावी, आणि ती हाक घराच्या आंतल्या चुलीपर्यंत पोंचली तरच त्या दिवसाचा धंदा व्हावा. गोव्यांत पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो तो रबरी भोंगा दाबीत येतो. त्या भोंग्याला शब्द नसतो. परंतु वेळ ठरलेली आणि माल एकच असल्यामुळें तेथें शब्दाची गरजही पडत नाहीं. ज्याचा माल रोज बदलतो, भाव रोज बदलतो, त्याला शब्द उच्चारल्यावांचून गत्यंतर नाहीं.

शास्त्रज्ञांनीं या गळ्याच्या बळाचें माप घेतलें आहे, आणि तें ऐकून आश्चर्य वाटल्याशिवाय राहात नाहीं. साधें बोलतांना मनुष्याच्या मुखावाटे जी ध्वनिशक्ति बाहेर पडते ती एका वॉटच्या लक्षांशाच्या आसपास असते. अगदीं घसा फोडून ओरडलें तरी ती सुमारें सहस्रांश वॉटच्या घरांत जाते. एवढ्याशा शक्तीवर दिवसभर चार-पांच मैल हिंडून पोट भरावयाचें, हा फेरीवाल्याचा हिशेब होता. दवंडी देणाऱ्याचाही हाच होता. घसा बसला कीं मजुरी बुडाली.

या अडचणीवरचा तोडगा मराठी भाषेनें एका शब्दांत जपून ठेवला आहे. तो शब्द ‘कर्णा’. मिरवणुकींत वाजणारें लांब तोंडाचें तें जुनें वाद्य कर्णाच; फोनोग्राफ आला, त्याच्या पितळी फुलालाही लोक कर्णाच म्हणाले; आणि ध्वनिवर्धक आल्यावर खांबावर चढलेल्या धातूच्या नरसाळ्यालाही तेंच नांव मिळालें. या तिन्ही वस्तु वेगवेगळ्या काळच्या, परंतु त्यांचें तत्त्व एक. हवा फार हलकी असते. कंप पावणारा पडदा तिच्या मानानें जड. तो पुढें सरकला तर हवा बाजूनें निसटून जाते, आणि बहुतेक शक्ति पडद्याला नुसती हलविण्यांतच संपते. पडद्यापुढें अरुंद गळ्याचा आणि हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा बसविला तर हवेला निसटण्यास वाव राहात नाहीं. पडद्याचा रेटा तिच्यावर नीट बसतो. कर्ण्यावांचूनचा साधा ध्वनिवर्धक घेतला तर त्याला दिलेल्या शंभर वॉटांपैकीं एखाद-दुसराच वॉट आवाजाच्या रूपानें बाहेर पडतो. चांगल्या कर्ण्यांतून दहा किंवा त्याहूनही अधिक पडतात. एवढी काटकसर करणारें दुसरें साधन ध्वनिशास्त्राला पुष्कळ काळ सांपडलें नव्हतें.

विजेचा आवाज कर्ण्याला जोडण्याचें श्रेय मुख्यतः दोघांकडे जातें. पीटर जेन्सन हा मूळचा डेन्मार्कचा, आणि एडविन प्रिडहॅम हा त्याचा अमेरिकन सहकारी. कॅलिफोर्नियांतील नापा या गांवीं त्यांनीं लोहचुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें हलवून पडदा कंपित करण्याची युक्ति बसविली, तिला फोनोग्राफचा कर्णा जोडला आणि तो घराच्या छपरावर नेऊन ठेवला. १९१५ मध्यें त्यांनीं आपल्या यंत्राला ‘मॅग्नाव्हॉक्स’ म्हणजे ‘महान् आवाज’ असें लॅटिन नांव दिलें. सप्टेंबर १९१९ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगो येथें सुमारें पन्नास हजार लोकांपुढें बोलले ते याच यंत्राच्या आधारानें. राष्ट्रसंघाच्या प्रचारासाठीं निघालेल्या त्या दौऱ्यांत त्यांची प्रकृति ढांसळत चालली होती. थोड्याच दिवसांत दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावें लागलें. थकलेल्या गळ्याला यंत्रानें खांदा दिल्याचें हें पहिलें मोठें उदाहरण होय.

हिंदुस्थानांत या यंत्राची गरज सर्वांत अधिक कोणाला होती, तर ज्यांचा आवाज लहान आणि ऐकणारे लक्षावधि अशा महात्मा गांधींना. लोकमान्यांच्या सभा यंत्रावांचूनच झाल्या. लोकमान्य १९२० मध्यें गेले. पुढच्या दशकांत सभांचा आकार वाढला, पण गळा होता तेवढाच राहिला. ही उणीव भरून काढण्यास नानक मोटवाने पुढें आले. त्यांच्या वडिलांनीं, ज्ञानचंद मोटवाने यांनीं, १९०९ मध्यें सिंधमधील सक्कर येथें धंदा सुरू केला होता. तो पुढें कराचीस व नंतर मुंबईस आला. पेढीचें नांव ‘शिकागो’, मूळ सिंधचें आणि कीर्ति काँग्रेसच्या मंडपांतली, असा हा मोठा गमतीचा योग आहे. १९३० नंतरच्या दशकांत काँग्रेसच्या सभांच्या छायाचित्रांतून ‘शिकागो रेडिओ’ हीं अक्षरें पुढाऱ्यांच्या तोंडासमोर दिसूं लागलीं, आणि स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षें दिसत राहिलीं.

१९४२ सालीं हाच धंदा वेगळ्या कामीं आला. ऑगस्टच्या १४ तारखेस पालघरला मोर्चावर गोळीबार होऊन पांच जणांना वीरमरण आलें. त्याच महिन्याच्या २७ तारखेस मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याला यंत्रसामग्री मिळवून देण्यांत मोटवाने यांचा हात होता, म्हणून त्यांच्यावरही खटला झाला. या नभोवाणीचें बिऱ्हाड पोलिसांना चुकवीत या घरांतून त्या घरांत हलत असे; १२ नोव्हेंबर रोजीं अखेर तें पकडलें गेलें. आवाज हलता ठेवण्यासाठीं माणसांनीं एवढा धोका पत्करावा, याचें कारण त्या वेळच्या यंत्रांच्या वजनांत होतें. तीं यंत्रें खिशांत किंवा पिशवींत घालून नेण्याजोगीं नव्हतीं.

तें वजन कोठून येई, हें समजल्याशिवाय सायकलवरच्या कर्ण्याचें महत्त्व कळणार नाहीं. त्या काळचा ध्वनिवर्धक कांचेच्या व्हॉल्व्हवर चाले. प्रत्येक व्हॉल्व्हमधील तार आधीं लाल तापवावी लागे, आणि ती उष्णता निव्वळ खर्चीं पडे. त्याशिवाय व्हॉल्व्हला अडीचशें व्होल्टांच्या आसपास दाब लागे. बॅटरींतून मिळतात सहा किंवा बारा व्होल्ट. म्हणून ती वीज एका कंपकानें तोडून-जोडून लोखंडी ट्रान्सफॉर्मरमधून चढवावी लागे. वीस वॉटांचा आवाज काढावयाचा तर बॅटरींतून त्याच्या चौपट-पांचपट शक्ति ओढली जाई. मोटारीची बॅटरी पंधरा किलोंच्या घरांत, ट्रान्सफॉर्मरसह यंत्र जवळजवळ तेवढेंच, वर धातूचे मोठे कर्णे व खांब. असा संसार टांग्यावर, बैलगाडीवर किंवा मोटारलॉरीवर चाले. सिनेमाच्या जाहिरातीचा टांगा गांवोगांव फिरला तो असा. सायकलचा तेथें टिकाव लागणें शक्य नव्हतें. बॅटरी उतरली म्हणजे ती भरून आणण्याची अडचण निराळीच. १९३० नंतर खेड्यांतून सामुदायिक रेडिओ ठेवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत गाण्या-भाषणांपेक्षां बॅटऱ्यांची ने-आण हेंच मोठें काम होऊन बसलें होतें.

याचा परिणाम असा झाला कीं, ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे आवाज. ज्याच्याकडे गाडी नाहीं, त्याचा निरोप जुन्याच वाटेनें, तोंडोतोंडीं जाई. १९४५ मध्यें आजच्या पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील भागांत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखालीं वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हां सभेचा निरोप पाड्यापाड्यांतून पायीं फिरे, आणि हजारों माणसें जमत. पण पायीं फिरणाऱ्या निरोपावर सही-शिक्का नसतो. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें प्रचंड जमाव गोळा झाला तो सभा असल्याच्या खोट्या वार्तेवरून. ती वार्ता जमीनदारांनीं पसरविली, असें चळवळीचें म्हणणें होतें. जमलेल्यांवर गोळीबार झाला आणि पांच आदिवासी मारले गेले. त्या माळावर आपल्या माणसांना ‘परत फिरा’ एवढे दोन शब्द ऐकूं जातील असें साधन त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं असतें, तर काय झालें असतें, हा प्रश्न इतिहासकारानें टाळावयाचा असतो. पण तो मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि वजनाचा प्रश्न मुळापासून बदलला. ट्रान्झिस्टरला तापविण्याची तार नाहीं, अडीचशें व्होल्टांची हौस नाहीं; बारा व्होल्टांच्या बॅटरीवर तो सरळ काम करतो. कंपक गेला, जड ट्रान्सफॉर्मर गेला. कर्णाही घडीचा झाला: लांब नळी आंतल्या आंत दुमडून ती हातभर जागेंत बसविली जाऊं लागली. पुढें ट्रान्झिस्टर झपाट्यानें चालू-बंद करून आवाज वाढविणारीं यंत्रें निघालीं, त्यांत बॅटरींतून घेतलेल्या शक्तीपैकीं ऐंशी-नव्वद टक्के कर्ण्यापर्यंत पोंचते. आतां सायकलची पाळी आली.

सायकलवर असें यंत्र बसविणाऱ्याला पहिला मोह डायनॅमोचा पडतो. पायानें फिरणारी वीज फुकट आहे, मग बॅटरीचें ओझें कशाला? नेहमींचा डायनॅमो सहा व्होल्टांवर तीन वॉट देतो. हे तीन वॉट थोडे नव्हेत. कर्ण्यांतून त्यांचा दहावा हिस्सा आवाज म्हणून बाहेर पडला, तरी तो ओरडणाऱ्या माणसाच्या शक्तीच्या तीनशेंपट होतो. आणि मोकळ्या मैदानावर, वारा व झाडें सोडून दिलीं तर, तेवढा आवाज सतरापट अंतरावर जावा असें गणित सांगतें. पण फेरीवाल्याची गरज या गणितांत बसत नाहीं. त्याला हाक मारावयाची असते ती सायकल थांबल्यावर, इमारतीखालीं उभें राहून; आणि चाक थांबलें कीं डायनॅमोही थांबला. म्हणून बॅटरी आलीच. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची शिसें-तेजाबाची बंद बॅटरी सुमारें अडीच किलो भरते. अशी बॅटरी वारंवार पुरती रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून अर्धीच वापरावी. आणि सरासरी खर्च पांच वॉट धरला तर तेवढ्यांत आठ तासांची फेरी निभते. लिथियमची नवी बॅटरी याच कामाला याच्या निम्म्याहूनही कमी वजनांत पुरते. मागच्या कॅरिअरवर माल, पुढच्या दांडीला बॅटरी, मुठीवर कर्णा, असा तोल साधला कीं झालें. जड वस्तु जितकी खालीं तितकी सायकल वळणावर शहाणी राहाते.

वसईच्या हवेंत आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ असल्यामुळें खारी हवा तारांच्या टोकांना हिरवट गंज चढविते. टोकांना ग्रीस लावलेलें नसेल तर आवाज घरघरतो आणि दोष भलत्याच ठिकाणीं शोधला जातो. आणि पावसाळ्यांत कर्ण्याचें तोंड किंचित् खालीं झुकलेलें हवें, नाहीं तर पहिल्याच सरींत आंतला पडदा भिजतो. जे हातांत ध्वनिग्राहक धरून बोलतात त्यांनीं तो कर्ण्याच्या मागें ठेवावा. पुढें आला कीं कर्ण्याचा आवाज परत त्यांत शिरतो आणि सगळें यंत्र किंचाळूं लागतें. सभामंडपांतून ही किंकाळी ऐकली नाहीं असा श्रोता विरळा.

गाणें मात्र या कर्ण्याला जमत नाहीं. बारा इंची तोंडाचा कर्णा सेकंदास तीनशें-चारशें कंपनांखालचा सूर नीट बाहेर टाकीत नाहीं. बोलणें समजण्यास तीनशें ते साडेतीन हजार कंपनें पुरेशीं असतात. टेलिफोनचा संसार त्याच पट्ट्यांत चालला. परंतु ढोलाचा ठेका आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा या पट्ट्याच्या खालीं राहातो. तो हवा असेल तर मोठा पडदा आणि मोठी लांकडी पेटी पाहिजे, आणि मग वजन पुन्हां व्हॉल्व्हच्या जमान्यावर जातें. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत त्रिनिदाद बेटांतून आलेल्या घराण्यांतील तरुणांनीं सायकलींवर असे प्रचंड पेटारे व मोटारीच्या बॅटऱ्या चढविल्या. त्या सायकली म्हणजे चाकांवरचे वाद्यवृंदच. हौशीला तें शोभतें. पोट भरणाऱ्याला शब्द पोंचला म्हणजे पुरे, आणि शब्दाला कर्णाच पुरतो.

वसई-विरारमध्यें हें साधन रुजण्यास तेथील वाढही कारण झाली. मुंबईहून विरारकडे आगगाडी १८६४ मध्यें आली, विजेची गाडी १९३६ मध्यें. तरी पुढें किती तरी वर्षें हा मुलूख केळी, पानवेली आणि फुलांचाच राहिला. मग चाळी आल्या, इमारती आल्या. २००९ मध्यें महानगरपालिका झाली, २०१४ मध्यें पालघर जिल्हा वेगळा निघाला. आणि २०११ च्या शिरगणतींतच या शहराची वस्ती बारा लाखांहून अधिक भरली होती. कौलारू घराच्या ओटीवर पोंचणारी कोळिणीची हाक चौथ्या मजल्याच्या बंद खिडकीशीं थकते. ओटीवरची बाई हाक मारणाऱ्याला नांवानें ओळखत असे. चौथ्या मजल्यावरच्या गृहिणीला तो केवळ एक आवाज आहे, आणि तो आवाज तिच्यापर्यंत गेला नाहीं तर तो नाहींच.

पण त्याच खिडकीमागें परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा असतो, रात्रपाळी करून निजलेला मनुष्य असतो, तान्हें मूल असतें. गळ्याच्या हाकेला दम लागे, म्हणून तिच्यांत विसांवा होता. बॅटरीला दम लागत नाहीं. एकदां भरलेलें वाक्य शंभर वेळां तितक्याच जोरानें वाजतें, आणि पाठोपाठ दुसरा सायकलवाला येतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घातली आहे. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोंवतीं निदान शंभर मीटरांचें शांतता-क्षेत्र जाहीर करतां येतें. रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिवर्धक बंद. आणि लेखी परवानगीवांचून तो लावूंच नये असें नियमाचें अक्षर आहे. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही रात्रींचें बंधन उचलून धरलें. हे नियम डोळ्यांपुढें ठेवून लिहिले गेले ते उत्सवांचे मंडप आणि मिरवणुकींच्या भिंतीएवढ्या पेट्या. सायकलवरचा वीतभर कर्णाही त्याच अक्षरांत सांपडतो. मंडपवाल्यास अर्ज लिहून देणारे पुष्कळ असतात. भंगारवाल्यास कोण असणार? म्हणून त्याचा कर्णा नियमाच्या दृष्टीनें बहुधा चोरटाच राहातो, आणि कोणी हटकलें कीं बटण दाबून तो मुका करणें एवढेंच त्याच्या हातीं उरतें.

आणखी एक फरक बारकाईनें ऐकणाऱ्याला जाणवतो. वसईच्या आळ्यांत वाडवळी बोलत, कुपारी समाजाची कादोडी बोलत, कोळ्यांची बोली निराळी. हाक ऐकली कीं मनुष्य कोठला तें कळे. आतांच्या कर्ण्यांतलें वाक्य अनेकदां दुसऱ्याच कोणाच्या आवाजांत भरलेलें, तयार मिळालेलें असतें. विरारला जें ऐकूं येतें तेंच बोरिवलीस ऐकूं येतें. वास्तविक या लहान कर्ण्यांतील पुष्कळांना स्वतःचा आवाज भरण्याचें बटण असतें. तें दाबून धरावयाचें, आपल्या मालाचें नांव आणि भाव आपल्या बोलींत सांगावयाचा, आणि बटण सोडावयाचें. त्याला अर्धें मिनिट लागतें.